म्हशीची धार आणि सिनेमाचा शेवट

पाथरगाव मागं पडलं आणि शालूबाईंच्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही वहाणा काढून पिशवीत टाकल्या आणि गाडीवाटेच्या कडेनं गवतातून चालायला लागल्या. पुढं कस्तुराबाई डोक्यावर पाटी घेऊन झपाझप निघाल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं काही थांबलं नव्हतं.

"तर काय सांगत व्हते बाई, त्या द्येवाला पडसं झाल्यालं."

"कुठल्या देवाला, मावशी?"

"सिनेमातल्या वो. सावळं त्वांड, डोईवर मुकुट, मागं चक्र फिरतंय. सगळं झ्याक. आन् बोलाय लागला तर नाकातनं! म्या म्हनलं, अरं द्येवा, वैकुंठात तुला सुंठीचा काढा द्यायला कुनीच न्हाई व्हय?"

शालूबाईंना हसू आलं. "मग हात जोडलेत की नाही?"

"जोडले की! शेजारची बाई दात काढून हसली मला. तिला म्हनलं, बये, पडसं त्या मानसाला झालंय, द्येवाला न्हाई. मी हात द्येवाला जोडले."

शालूबाईंना हे पटलं. त्या स्वतः तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसत आणि चालताना मनातल्या मनात रामरक्षा म्हणत असत. आज मात्र कस्तुराबाईंच्या बोलण्यामुळं ती तीनदा अर्ध्यावर राहिली होती.

एकोणीसशे चाळीस साल, भाद्रपद महिना. गौरी नुकत्याच गेल्या होत्या. दोघी सकाळी भाकरी खाऊन भाज्याहून निघाल्या होत्या, त्या कान्ह्याला. कस्तुराबाईंची सून नंदा नागपंचमीला माहेरी गेली ती अजून परत आली नव्हती. तिला आणायला निघाल्या होत्या. शालूबाई मळवलीच्या शाळेत मास्तरीण. कस्तुराबाईंच्या घराची पुढची खोली घेऊन त्या राहत होत्या. "शिकल्यालं मानूस संगं असलं म्हंजी इहीनबाई तोंड आवरून बोलंल," असं म्हणून कस्तुराबाईंनी त्यांना बरोबर घेतलं होतं.

आता मळवलीहून कामशेतपर्यंत आगगाडी होती. गाडीत बसल्या असत्या तर निम्म्याहून जास्त वाट पायाखाली आलीच नसती. पण कस्तुराबाईंनी भाज्यापासून कान्ह्यापर्यंत चार कोस चालतच जायचं ठरवलं होतं, आणि त्याला कारण सिनेमा होता.

कस्तुराबाई म्हणजे भाज्याच्या रखमाजींची बायको. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, आवाज असा की खाचराच्या या बांधावरून त्या बांधावर बोलावं. दर आठवड्याला त्या लोणावळ्याच्या बाजाराला जायच्या. आंबेमोहोर तांदूळ, दही, घरची अंडी असं काहीबाही विकायचं आणि दुपारी पाटी मोकळी झाली की बाजारामागच्या पत्र्याच्या थेटरात शिरायचं, हा त्यांचा रिवाज. पुढं जमिनीवर पोत्याचं आसन टाकून त्या बसायच्या. पोतं घरचंच.

घोड्यावरचा राजपुत्र असो, साधू असो की शहरातले कॉलेजातले लोक असोत, त्यांना कुठलाही सिनेमा चालायचा. पण मत दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. राजपुत्राच्या सिनेमाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "राजपुत्र काय, नुस्ता केस सावरतोय. घोडं मातुर लय गुनी. येवढा गोंधूळ चाललाय, पर त्यानं एकदा बी क्यामेऱ्याकडं बघितलं न्हाई." आणि शहरातल्या सिनेमाबद्दल, "पहिल्यापासनं च्याच पित्यात. बाप च्या पितो, लेक च्या पिती, त्यो भांग पाडल्याला येतो, त्यो बी च्या पितो. पर आख्ख्या घरात चूल कुटं दिसली न्हाई. च्या येतो कुठनं?" एका सिनेमात नायिका आंब्याच्या झाडाभोवती फिरत गाणं म्हणते, ते गाणं त्यांना फार आवडलं होतं. "पर झाडाला आंबं लागल्यालं व्हतं आन् त्या बयेनं एक बी तोडला न्हाई," हे दुःख त्या दोन बाजार सांगत होत्या.

एक गोष्ट मात्र होती. कस्तुराबाईंनी एवढे सिनेमे पाहिले, पण शेवट एकाचाही पाहिला नव्हता.

त्याला कारण मोरी. मोरी म्हणजे त्यांची म्हैस. ती कस्तुराबाईंशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. रखमाजी बसले तर शेपटीनं तोंड झोडपायची, मुलगा महिपती बसला तर बादली उलटी करायची. थेटरात यंत्र एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढेपर्यंत लोक विड्या ओढून यायचे, त्यामुळं दुपारी लागलेला सिनेमा दिवेलागणीपर्यंत चालायचा. त्याच्या आतली मळवलीची गाडी धरली तरच मोरीची धार वेळेवर निघायची. म्हणून सगळं अगदी रंगात आलं की कस्तुराबाई पोतं झाडून उठायच्या, आणि वाकून, लोकांच्या शिव्या खात बाहेर पडायच्या.

पण गावात आल्यावर सिनेमा सांगायचा तर अर्धवट कसा सांगणार? लावणीला, बेणणीला बाया रांगेनं चिखलात वाकल्या की कुणीतरी म्हणायचंच, "कस्तुराक्का, काढ की सिनेमा." आणि त्या काढायच्या. हात रोपात, तोंड सिनेमात. शेवट त्या स्वतः घालायच्या. त्यांच्या शेवटात कुणी मरायचं नाही. लढाई संपायची, हरवलेलं पोर सापडायचं आणि सगळ्यांची पंगत बसायची. पंगतीला काय काय वाढलं तेही सांगायच्या, आणि तोवर बांध आलेला असायचा.

हे खोटं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचा पहिला सिनेमा तळेगावच्या जत्रेतल्या तंबूतला. तेव्हा त्या नव्यानं नांदायला आलेल्या होत्या आणि पडदा मुका होता. बाजूला एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. फीत तुटली, लोक ओरडायला लागले, की तो उपरण्यानं घाम पुसत पुढचं मनानंच सांगत राहायचा. फीत जोडून चित्र सुरू झालं आणि त्यात भलतंच काही निघालं, तर बिनदिक्कत म्हणायचा, "मंडळी, हे मघाच्या आधीचं!"

"त्यो माझा गुरू," कस्तुराबाई म्हणायच्या.

तर आषाढात लोणावळ्याला सासू-सुनेचा सिनेमा लागला. नंदा तेव्हा घरीच होती. लग्न होऊन तिला दोन पावसाळे झाले होते. कमी बोलणारी, पण कान देऊन ऐकणारी पोर. सासूचे सिनेमे सगळ्यांत जास्त तीच ऐकायची. त्या दिवशी बाजाराला निघताना ती म्हणाली, "आत्याबाई, आज शेवट बघूनच या. मोरीची धार मी काढते."

"तू? ती तुला बसू द्यायची न्हाई."

"बघते की बसू देती का."

कस्तुराबाईंना मोह पडला. त्या थांबल्या. सिनेमा सुनेला सासरहून घालवून दिल्यापर्यंत आला, सून माहेरी खिडकीशी बसली, आणि शेवटचं रीळ चढवताना यंत्रच बिघडलं. यंत्रवाला पडद्यापुढं येऊन हात जोडून म्हणाला, "उद्या या." उद्या कोण येणार? कस्तुराबाई उशिराच्या गाडीनं चरफडत घरी आल्या, तर गोठ्यात चिखल होऊन दूध सांडलेलं, बादली चेपलेली, आणि नंदा गुडघ्याला हळद लावून बसलेली.

"हेच शिकवलं का तुझ्या आईनं?" कस्तुराबाई म्हणाल्या. एवढंच. पण सिनेमावरचा सगळा राग त्यात होता आणि शेजारची झुंबरबाई ओट्यावर उभी होती.

पंचमीला भाऊ न्यायला आला, तसं नंदानं बोचकं बांधलं, पाया पडली आणि गेली.

मग बेणणी आली. भातातलं तण काढताना बायांनी सासू-सुनेचा सिनेमा मागितला. कस्तुराबाईंनी सांगितला. खिडकीत बसलेल्या सुनेपर्यंत आल्या आणि थांबल्या. नेहमीची पंगत त्यांच्या जिभेवर येईना. मग म्हणाल्या, "आन् मंग सासू उठली. डोईवर पाटी घेतली. पाटीत जरीचं लुगडं, खन, नारळ. ल्योक म्हनला, गाडी जुपतो. नको म्हनली. चालत निघाली. पायात काटं मोडलं, पर थांबली न्हाई. सुनंच्या म्हायेरच्या दारात जाऊन हुबी ऱ्हायली. संपला."

सुनेला आणायला नवरा जातो, दीर जातो, घरातलं वडीलधारं पुरुषमाणूस जातं. सासू उठून जात नाही. असं कधी कुणी केलेलं नव्हतं, ऐकलेलंही नव्हतं. झुंबरबाईनं चिखलाच्याच हातानं डोळे पुसले. "सोता गेली? सासू?"

"गेली म्हन्ते न्हवं?"

झुंबरबाईचं माहेर कान्ह्याचंच. भावाच्या घरी पाळणा होता म्हणून ती गेली आणि तिथं बायकांच्यात बसून तिनं तो सिनेमा जसाच्या तसा सांगितला. कुणी सांगितला होता तेही सांगितलं. नंदा त्या बायकांच्यात होती.

गौरीच्या आधी महिपती बायकोला आणायला गेला तो एकटाच परत आला. म्हणाला, "आई, ती म्हनती, आत्याबाईंनी सांगून धाडलंय, मी येती म्हून. त्या आल्या की मी निघते. आत्ता निघाले आन् त्या दुसऱ्या वाटंनं आल्या तर चुकामूक व्हईल."

"म्या कवा सांगून धाडलं?" कस्तुराबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

चार दिवस त्या बोटांवर दिवस मोजत होत्या. पुढं पितृपंधरवडा. त्यात कुणी सून नेत नाही की आणत नाही. पंधरवड्याच्या आत ती आली नाही तर घट सुनेशिवाय बसणार, मग कापणी, मग झोडणी, आणि तेवढे दिवस सून माहेरी राहिली की लोक त्याला ‘टाकली’ असं नाव देतात. एकदा नाव पडलं की दोन्ही घरं आपापल्या जागी घट्ट होतात. हे कस्तुराबाईंनी इतरांच्या घरी पाहिलं होतं. पाचव्या दिवशी त्या शालूबाईंच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, उद्या तुमाला सुट्टी हाय का?"

शालूबाईंनी गाडीची गोष्ट काढली, तेव्हा कस्तुराबाईंनी हात उडवला. "म्या त्या सासूला चालत न्हेली. आता मी गाडीत बसून गेले तर झुंबर काय म्हनंल? आन् नंदी काय म्हनंल?"

तर अशी ही चाल होती. ऊन मधूनच पडत होतं. दोन्ही अंगाला भातं पोटरीला आलेली. उजवीकडनं एक मालगाडी खडखडत गेली, तिच्याकडं कस्तुराबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. कामशेतच्या अलीकडं त्यांनी पाटी खाली घेतली, तेव्हा शालूबाईंना आत दिसलं. एक खण, एक नारळ, आणि खाली घडी केलेलं जुनं लुगडं. विरलेलं, मळकट. बसायला घेतलं असावं असं त्यांना वाटलं.

"जरीचं नाही का घेतलं?" त्यांनी थट्टेनं विचारलं.

"सिनेमातल्या सासूला जरीचं दिलं, माझं काय जात व्हतं? तिला म्या घोडागाडी बी दिली असती."

कामशेतचा बाजार ओलांडून, नायगावच्या अलीकडच्या विहिरीवर त्या पाणी प्यायला थांबल्या. कस्तुराबाईंनी पाय धुतले, काठावर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "बाई, तुमी त्यो सिनेमा सबंध बघितलाय न्हवं?"

शालूबाईंना हे भय सकाळपासून होतं. यंत्र दुरुस्त झाल्यावर पुढच्या रविवारी त्या हेडमास्तरांच्या मंडळींबरोबर गेल्या होत्या आणि रात्री मंडळींच्या बहिणीकडं राहिल्या होत्या. सिनेमा त्यांनी शेवटापर्यंत पाहिला होता, आणि रडल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी शेवट सांगितला नव्हता. विचारलाही नव्हता कुणी.

"बघितलाय," त्या म्हणाल्या.

"मंग खरं सांगा. सासू गेली का?"

देवाच्या कृपेनं शालूबाईंना कधी मोठं खोटं बोलावं लागलं नव्हतं. छोटं बोलायचीही सवय नव्हती. तरी त्या क्षणी त्यांना वाटलं, हो म्हणावं आणि चालायला लागावं. पण कस्तुराबाई त्यांच्याकडं अशा बघत होत्या की ते जमलं नाही.

"नाही गेली, मावशी. सून वाट बघते, बघते, आणि मग एका रात्री स्वतःच निघते. पाऊस असतो. सासरच्या दारापर्यंत येते. दार वाजवते. सासूला ऐकू येतं, पण ती उठत नाही. सकाळी दार उघडते तर..."

"तर?"

"सून उंबऱ्यावर पडलेली असते. गेलेली."

"उंबऱ्यावर? आपल्याच दाराच्या?"

"हो."

विहिरीवर कुणाची तरी बैलं पाणी प्यायला आली. त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहिल्या. कस्तुराबाई पाण्याकडं बघत होत्या. आपण चुकलो की काय असं शालूबाईंना वाटायला लागलं. एवढ्यात कस्तुराबाई उठल्या, चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली.

"उठा," त्या म्हणाल्या. "उशीर हुतोय."

त्या इतक्या भराभर चालल्या की अनवाणी शालूबाईंची दमछाक झाली.

कान्ह्यात नंदाची आई रतनबाई अंगणात उडीद पाखडत होती. दोघींना पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"कोन? इहीनबाई? वाट चुकला का काय?"

"न्हाई. नंदीला न्यायला आले."

"मूळ म्हून कोन आलंय संगं? पुरुषमानूस दिसंना."

"मीच आले."

रतनबाईनं सूप खाली ठेवलं. शेजारच्या दोन ओट्यांवर बाया येऊन उभ्या राहिल्या. झुंबरबाईचा सिनेमा सगळ्या आळीला माहीत होता. "सासू मूळ येती, ह्ये आमच्याकडं कधी घडलं न्हाई बाई," रतनबाई म्हणाली.

"आमच्याकडं बी न्हाई."

"मंग माझ्या शिकवण्याचं काय? म्या लेकीला काय शिकवलं, काय न्हाई, त्ये तुमी साऱ्या भाज्याला इचारलंत म्हनं."

दाराआड बांगड्या वाजल्या. आतून नंदाचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आई, इचार की, गाडीनं आल्या का चालत?"

"चालत," कस्तुराबाई म्हणाल्या. "हे बग पाय."

ओट्यावरची एक बाई म्हणाली, "अवो, मंग सिनेमातली सासू दारात येऊन काय बोलली त्ये तरी बोला! झुंबरनं तितंच सोडलं."

ज्या बाईला बांधापासून बांधापर्यंत शब्द कमी पडत नसत, तिला आता एक सुचेना. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मनात रामरक्षा सुरू केली.

"त्ये म्या बी सांगितलं न्हाई," कस्तुराबाई शेवटी म्हणाल्या. "दारात हुबी केली आन् संपवला. पुढचं मला ठावं न्हाई." त्यांनी पाटी खाली उतरवली. खण आणि नारळ काढून ओट्यावर ठेवला. मग ते जुनं लुगडं काढलं.

रतनबाईचा चेहरा बदलला. "जुनं लुगडं? माझ्या लेकीला? अवो इहीनबाई, ह्यापरीस हात हालवत आला असता तर..."

"वास घ्या."

"आं?"

"वास घ्या म्हन्ते त्याचा."

रतनबाईनं लुगडं नाकाशी नेलं आणि लांब धरलं. "शेण! म्हशीचा वास!"

"माझा बी हाय त्यात. ह्ये नेसून मी धार काढते. महिपतीला मी आजारी असताना ह्येच पांघरून बशिवलं व्हतं, तवा मोरीनं त्याला गुमान दूध दिलं. तिला मानूस कळत न्हाई, वास कळतो. ह्ये त्याला ठावं, मला ठावं. मी त्याची शप्पत घातल्याली, कुनाला सांगायचं न्हाई." त्यांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी नंदीला येवढं सांगितलं असतं तर म्हशीनं लाथ मारली नसती. पर न्हाई सांगितलं. मोरी माझ्याच हाताला देती, ही माझी ऐट व्हती गावात. आन् सांडलं तवा म्या तुमचं नाव काढलं. तुमच्या शिकवण्यात काय खोट न्हवती, रतनबाई. माझ्याच शिकवण्यात व्हती."

ओट्यावरची एक म्हातारी फिसकन हसली. "येवढ्या म्हशीला लुगड्यानं फशिवतीया ही!" आणि सगळी आळी हसायला लागली. रतनबाईला हसायचं नव्हतं, पण तिचेही खांदे हलले.

नंदा दारातून पुढं आली. हातात तांब्या. तिनं सासूच्या पायावर पाणी घातलं, टाचेत मोडलेला काटा दिसला तसा वाकून नखानं काढला. मग ते लुगडं आईच्या हातातून घेतलं, घडी नीट केली आणि काखेत धरलं.

"आज धार कोन काढतंय?" तिनं विचारलं.

"आज रेडकू पितंय सगळं. त्याची चैन."

"बसा," रतनबाई म्हणाली. "आदी जेवा. उन्हाची आला. बाई, तुमी बी बसा, तुमाला आमच्या हातचं चालतंय न्हवं?"

शालूबाईंना चाललं. तांदळाची भाकरी, उडदाचं घुटं आणि लसणाची चटणी. रतनबाई वाढताना अजून एखादा टोमणा मारत होती, पण तूप वाढताना हात आखडता नव्हता. खण-नारळानं नंदाची ओटी भरली, बोचकं बांधलं, आणि ऊन कलायच्या आत तिघी निघाल्या. कामशेतला येईपर्यंत शालूबाईंचे पाय बोलायला लागले होते.

"मावशी, आता तरी गाडी?"

"गाडीच की! परत कसं आली त्ये म्या कुटं सांगितलंय? म्या मोकळी."

स्टेशनात बाकावर तिघी बसल्या. थोड्या वेळानं नंदा उठून फलाटाच्या टोकाशी गेली. तिथं भिंतीवर लोणावळ्याच्या थेटरातल्या नव्या सिनेमाचा कागद डकवलेला होता. वर सिनेमाचं नाव, खाली एक मोठं जहाज, आणि जहाजावर उभी राहून दूर बघणारी बाई. नंदा लुगड्याची घडी काखेत धरून त्या बाईकडं बघत उभी होती.

"बाई," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या, "तिनं अजून एक बी सिनेमा बघितला न्हाई. माझ्याच तोंडनं ऐकलेत सगळे."

"हो का?"

"येत्या बाजारी धार मी काढीन, ती माझ्यावर सोडा. तुमी तिला घेऊन जावा. खुर्चीवर बशिवा, खाली न्हाई." त्या थांबल्या. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली, तशा जरा जवळ सरकल्या. "पर आदल्या रैवारी तुमी एकल्या जाऊन शेवट बघून या. बरा असंल तर बसू द्या तिला शेवटापतूर. आन् वंगाळ असंल तर त्याच्या आत उठवून आना. उरल्याला मी सांगीन."